मिलानच्या फर्निचर मेळ्यातलं काय काय कोकण किनाऱ्यावर टिकेल?

पडवी_वेंगुर्ला

नमस्कार. वेंगुर्ल्यात किनाऱ्यापासून साधारण ४०० मीटरवर जांभ्याचं कौलारू घर आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर. दुरुस्ती संपत आलीय, आता फर्निचर करायचंय. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत, त्यामुळे वापर दणकून होणार.

मिलानच्या ‘सालोने देल मोबिले’मधल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या वस्तू बघून घरच्यांनी यादी केलीय:
- गोलाईचा, जमिनीला टेकलेला सोफा, बुक्ले (धाग्याच्या लुपांच्या खरबरीत) कापडाचा
- भिंतीवर उभ्या रेघांचं लाकडी पॅनेल
- पडवीत दोरीने विणलेल्या सहा खुर्च्या
- वेताच्या जाळीची कपाटाची दारं
- स्टीलचं स्वयंपाकघर, ज्याची दारं उघडल्यावर बाजूच्या पोकळीत सरकून दिसेनाशी होतात
- वायरीशिवायचे, चार्ज होणारे टेबलावरचे दिवे

सुतार गावातलेच आहेत, हात स्वच्छ आहे, फणस आणि सागवान दोन्ही करतात. पण नुसता फोटो दाखवून त्यांना काम सांगता येत नाही. माप काय, आत काय घालायचं, कुठला स्क्रू, हे सगळं ते विचारतात आणि बरोबरच विचारतात. यातलं काय खाऱ्या हवेत टिकेल, काय बदलून करावं आणि काय सोडून द्यावं? आकडे दिलेत तर उपकार होतील.

खारावारा

यादी चांगली आहे. सरसकट बाद करावं असं त्यात काहीच नाही, पण जवळजवळ प्रत्येक गोष्ट आतून वेगळी करावी लागेल.

आधी मेळ्याबद्दल दोन वाक्यं, कारण त्याचा मापांशी संबंध आहे. सालोने १९६१ साली इटालियन फर्निचरची निर्यात वाढावी म्हणून सुरू झाला. आता दर एप्रिलमध्ये मिलानबाहेर रो इथल्या बंदिस्त दालनांत भरतो. विषम वर्षी त्यात दिव्यांचं ‘युरोलूचे’ असतं, सम वर्षी स्वयंपाकघरांचं ‘युरोकुचीना’. म्हणजे तुमच्या यादीतले दिवे बहुधा २०२५चे आणि स्वयंपाकघर २०२४चं. तिथल्या बहुतेक वस्तू कोरड्या किंवा हीटर लावलेल्या घरांसाठी असतात, जिथे हवेतली आर्द्रता वर्षभर ४० ते ६० टक्क्यांत फिरते. आपल्याकडे मृगापासून चतुर्थीपर्यंत ती ८५च्या खाली फारशी येत नाही आणि वाऱ्यात मीठ असतं ते निराळंच. त्यामुळे आकार तिकडचा घ्या, पण आतला माल आणि खालून-मागून वारा कसा फिरेल ते इथलं ठेवा.

आता सोफा. गोलाईच्या सोफ्यांची आजची लाट बरीचशी जुन्याच वस्तूंची आहे. मारिओ बेलिनींचा ‘कामालेओंदा’ १९७०चा, तो बी अँड बी इटालियाने २०२०मध्ये पुन्हा आणला. आफ्रा आणि तोबिया स्कार्पा यांचा ‘सोरियाना’ १९६९चा, तो कासिनाने परत काढला. कामालेओंदात नक्कल करण्याजोगी गोष्ट त्याची गुबगुबीत गोलाई नाही, त्याची जोडणी आहे. त्याचे भाग तारा, हुक आणि कड्यांनी एकमेकांत अडकवलेले असतात आणि हवे तेव्हा सुटे होतात. आपल्या घरांची दारं अरुंद, उंबरठे उंच. एकसंध आठ फुटी गोल सोफा ओटीवरून आत जाणारच नाही, आणि गेला तरी पावसाळ्यात उन्हं पडली म्हणून तो कोणी खळ्यात काढणार नाही. ९०० × ९०० मिमीचे सुटे भाग करा.

एका भागाचा तपशील:

सांगाडा १८ मिमी बीडब्ल्यूपी प्लाय, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. बीडब्ल्यूआर, म्हणजे आयएस ३०३चा, इथे पुरा पडत नाही. गोलाई येते तिथे दर २५० मिमीला एक फासळी, त्यावर ५ मिमी लवचिक प्लायचे दोन थर गोंदाने एकमेकांवर. लवचिक प्लाय सहसा पाण्याला तितका दमदार नसतो, म्हणून लावण्याआधी दोन्ही अंगांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलर मारा. सगळ्या कापलेल्या कडांना सीलरचे दोन हात हवेत. प्लाय पाणी पितो तो कडांनी, पृष्ठभागाने नाही.

पाय. ‘जमिनीला टेकलेला’ हा भाग मात्र सोडा. जांभ्याच्या घरात कोबा असो की शहाबादी, पहिल्या पावसात जमिनीला घाम येतो आणि टेकलेल्या सोफ्याचं बूड काळं पडतं. ११० मिमी उंचीचे पाय कडेपासून ८० मिमी आत बसवा. उभ्या माणसाला ते दिसत नाहीत, सोफा टेकल्यासारखाच वाटतो, आणि वाळवीने माती चढवायला घेतली तर वाकून बघता येते. पायाखाली ५ मिमी रबर.

बैठक. झिगझॅग लोखंडी स्प्रिंग घालू नका. दोन पावसाळ्यांत कुरकुरायला लागते, गंजाचे डाग कापडावर उमटतात. ७० मिमी रुंदीची इलॅस्टिक पट्टी वापरा, दोन पट्ट्यांत ३० मिमी फट, म्हणजे ९०० मिमीत नऊ पट्ट्या. ताण सुमारे १० टक्के ठेवायचा: आतलं अंतर ९०० असेल तर पट्टीवर ८२० मिमीला खूण करायची आणि ती खूण समोरच्या काठापर्यंत ओढायची. कमी ओढली की महिन्याभरात खड्डा पडतो, जास्त ओढली की स्टेपल उपटतात. स्टेपल स्टेनलेसचेच.

फोम खाली ४० डेन्सिटी १०० मिमी, वर ३२ डेन्सिटीचा मऊ ४० मिमी. बुडाला रेक्झिन लावायची पद्धत आहे, ती इथे घातक आहे. ओल आत कोंडते आणि फोमला बुरशीचा वास लागतो. साधं नॉन-वोव्हन कापड किंवा जाळी लावा.

कापड. बुक्लेच्या लुपांत धूळ आणि दमट हवा दोन्ही अडकतात. लोकरीचं किंवा सुती बुक्ले पावसाळ्यात बुरशी धरतं. पॉलिएस्टरचं, किंवा धागा बनवतानाच रंग मिसळलेलं ॲक्रिलिक घ्या. आवरण काढता येईल असं शिवा, चेन प्लास्टिक दातांची. एका भागाला १.४ मीटर पन्ह्याचं सुमारे ५ मीटर कापड लागतं, गोलाईमुळे सहावा हिस्सा तरी चिंध्यांत जातो. रंगाबद्दल सांगायचं तर २०२५मध्ये तंबाखू, विटकरी आणि गडद मरून रंगांचा जोर होता. आपल्या तांबड्या मातीला याहून सोयीचं काही नाही. पांढरं बुक्ले मात्र विसरा.

रंधा_पटाशी

सोफ्याचं वर आलंय, मी लाकडावर लिहितो. प्लायच्या कडांबद्दल खारावारा यांनी लिहिलंय ते सुताराला वाचून दाखवा.

उभ्या रेघांचं तयार पॅनेल बाजारात मिळतं ते बहुतेक एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डवर) पीव्हीसी किंवा व्हिनियर चिकटवलेलं. खालच्या कडेने ते फुगतं आणि एकदा फुगलेलं एमडीएफ परत बसत नाही. शिवाय भिंतीला चिकटवून लावतात, म्हणजे मागे बुरशीला आयतं घर. भिंत आधी तपासा: दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव आलं तर त्या भिंतीवर काहीही लावायचं नाही. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर तर नकोच. माजघराच्या आतल्या भिंतीवर करा.

भरीव पट्ट्यांचं केलंत तर छान टिकेल. २५ मिमी रुंद, २० मिमी जाड फणसाच्या पट्ट्या, दर्शनी बाजू अर्धगोल, दोन पट्ट्यांत १० मिमी फट. मागे आडव्या २० मिमी रिपा, दर ६०० मिमीला, त्यात मधे मधे खंड ठेवायचे म्हणजे वारा वर चढतो. पट्ट्यांना मागून स्क्रू. वर २५ मिमी मोकळं आणि खाली पॅनेल जमिनीपासून १०० मिमी वर थांबवायचं. फट १० मिमीपेक्षा कमी केली तर फडक्यासकट बोट जात नाही आणि धूळ तिथेच राहून ओल धरते.

हिशेब: ३ मीटर रुंद भिंतीला एका पट्टीची जागा ३५ मिमी, म्हणजे ८६ पट्ट्या. उंची २.४ मीटर धरली तर सुमारे २०६ मीटर पट्टी, तयार लाकूड ३.६ घनफूट. कापणी, रंधा आणि खोडाच्या बाहेरच्या अंगाचा पांढरा भाग काढून टाकणं यात चाळीस टक्के जातं, म्हणून ६ घनफूट घ्या. पांढरा भाग नक्की काढायला लावा. भुंगा तिथूनच शिरतो आणि मग खाली पिठासारखा भुगा पडायला लागतो.

अरुंद पट्ट्यांचा आग्रह का, तर लाकूड हलतं म्हणून. इथे लाकडातला ओलावा भर पावसात १७-१८ टक्क्यांवर जातो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये १२च्या आसपास उतरतो. सागवानाची साधी कापलेली फळी दर एक टक्का ओलाव्याला रुंदीच्या सुमारे ०.१८६ टक्के हलते. ६ टक्क्यांच्या फरकाला ६०० मिमीचा टेबलाचा माथा जवळजवळ ७ मिमी फुगतो-आटतो. २५ मिमीची पट्टी पाव मिलिमीटरच्या थोडी वर, आणि तेवढं फट गिळते. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतं, हेही लक्षात असू द्या. म्हणून टेबलाचा माथा चौकटीला घट्ट स्क्रूने आवळायचा नाही. मधला स्क्रू पक्का आणि कडेच्या स्क्रूंना लांबट भोक, वॉशरसकट. मेळ्यातल्या फोटोंत दिसतात तसे रुंद एकसंध माथे पाहिजेत तर ते असेच बसवावे लागतात, नाहीतर मार्चमध्ये भेग ठरलेली.

लाकूड १३-१४ टक्क्यांवर असताना काम सुरू करा. ओलावा मापायचं यंत्र सुताराकडे नसेल तर विकत घ्या, या सगळ्या खर्चात त्याची किंमत किरकोळ आहे. घरचा फणस पाडून कापणार असाल तर आधी तोडीची परवानगी काढा. कापलेल्या फळ्यांत २५ मिमीच्या आडव्या काठ्या घालून सावलीत थप्पी लावा, टोकांना रंग फासा. इंची फळीला एक पूर्ण उन्हाळा तरी द्या, घाईचं काम असेल तर भट्टीत वाळवलेलं घ्या.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. मिलानमध्ये सध्या अक्रोडाच्या गडद तपकिरी छटा चालतात म्हणून फणसाला डाय मारू नका. नवा फणस हळदीसारखा पिवळा दिसतो, पण उजेडात तो आपोआप मधासारखा आणि पुढे तपकिरी होतो. डाय मारलात तर हे रूपांतर झाकलं जातं आणि चरा पडला की खालून पिवळं दिसतं. सुरुवातीच्या महिन्यांत त्यावर टेबलक्लॉथ किंवा फुलदाणी एका जागी ठेवू नका, डाग राहतो.

फिनिश: पीयू, सहाही अंगांना, म्हणजे टेबलाच्या खालच्या बाजूलाही. फक्त वरून मारलं की खालून ओल शिरते आणि माथा वाटीसारखा वाकतो. कच्चं जवसाचं तेल इथे वापरू नका, बुरशीला ते खाद्यच आहे. हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असताना पॉलिश केलं तर थर पांढुरका पडतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते एप्रिल.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. लोखंडी स्क्रूभोवती सागवान काळं पडतं. आणि भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारायला देऊ नका. पितळी स्क्रू तर आधी लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून मगच बसवायचा, नाहीतर मान तुटते.

पडवी_वेंगुर्ला

फारच उपयोगी, दोघांचेही आभार. सोफ्याला पाय आत घेऊन करायचं ठरवतोय. खुर्च्यांचं विचारायचं होतं: बंदरावर मासेमारीची दोरी सहज मिळते, ती चालेल का? सुंभाचाही विचार आहे. आणि दोरी किती लागेल?

जाळंविण

मासेमारीची दोरी म्हणजे नेमकी कुठली, त्यावर आहे.

नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. सकाळी ताठ असलेली बैठक पावसाच्या संध्याकाळी झोळी होते. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, पण उन्हाला टिकण्याचं औषध त्यात नसेल तर एका-दोन उन्हाळ्यांत त्याचे कुसळासारखे तंतू निघतात आणि कपड्यांना, कातडीला टोचतात. पिळाची तीनपदरी दोरी बसायलाही रुतते. तुम्हाला हवी ती विणीची, गोल, ८ मिमी पॉलिएस्टर दोरी. मेळ्यात दिसते ती पॉलिएस्टर, ॲक्रिलिक किंवा पॉलिओलेफिनची असते, रंग धाग्यातच मिसळलेला.

सुंभ दिसायला देखणा आणि पडवीच्या सावलीत टिकतोही, पण मांडीला खरखरतो आणि त्याचा भुसा पडतो. एखाद्या बाकड्याच्या पाठीला वापरा, बैठकीला नको.

मोजमाप ४५० × ४५० मिमी बैठकीसाठी देतो. एकाच दिशेने गुंडाळायची आणि मधे दोरीएवढीच फट ठेवायची तर २८ वेढे, प्रत्येकी जेमतेम एक मीटर, म्हणजे २७ मीटर. पाठ ३५० मिमी उंच धरली तर तिला २१ मीटर. खुर्चीला ५० मीटर आणि सहा खुर्च्यांना सांडलवंड धरून ३३० मीटर. पण पाहुण्यांच्या वापराला एकेरी वीण मी सुचवणार नाही, कारण दोऱ्या बाजूला सरकतात आणि मांडी मधे उतरते. बैठक आडवी-उभी, गच्च विणा. ४५० मिमीत ८ मिमीचे ५६ वेढे बसतात, त्यांना सुमारे ५५ मीटर आणि आडव्या विणीला तेवढेच, म्हणजे बैठकीलाच ११०. पाठ मोकळी, एकेरी ठेवली तरी चालते. सहा खुर्च्यांना मग साधारण ८०० मीटर. भाव काढताना हा फरक आधीच धरा.

सांगाडा ॲल्युमिनियमचा, २५ मिमी गोल पाइप, भिंत किमान १.६ मिमी. पायांच्या सर्वांत खालच्या जागी ५ मिमीचं भोक ठेवायला सांगा. पाइपात शिरलेलं पाणी बाहेर आलं नाही की आतून पांढरी भुकटी धरते. वेल्डिंगचे कंगोरे घासून गुळगुळीत करून घ्या, दोरी तिथेच तुटते. टोकं वितळवून, तीन वेढ्यांखाली दाबून टाका. गाठ वर दिसली तर ती सुटतेच.

वेताबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण तुमच्या यादीत कोकणाला सर्वांत लागू पडणारी गोष्ट तीच आहे. वेताची जाळी नवी नाही, थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ची. पण कपाटाला वेताचं दार म्हणजे कपाटाला श्वास. बंद सनमायकाच्या कपाटात चतुर्थीपर्यंत कपड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवं चढतं. जाळीच्या दारामागे तसं फारसं होत नाही, मात्र पाठीमागच्या प्लायलाही वर-खाली चार-चार भोकं ठेवा, वारा आरपार जायला हवा.

करायची रीत: चौकटीच्या मागच्या बाजूला ५ मिमी रुंद, ७ मिमी खोल खाच. जाळी चारी बाजूंनी २५ मिमी जास्त कापायची, कोमट पाण्यात २०-३० मिनिटं भिजवायची. जास्त भिजवली तर वेताची साल सुटते. लाकडी पाचरीने खाचेत बसवायची, आधी समोरासमोरच्या बाजू, मग उरलेल्या दोन. खाचेत गोंद, वरून वेताची पट्टी ठोकायची, जास्तीचं कापायचं. दोन दिवस सावलीत वाळली की जाळी आपोआप ताणली जाते. हाताने खेचून ताणायची गरज नाही. आधीच खेचली तर वाळताना चौकट वाकते. ५०० मिमीपेक्षा रुंद दाराला मधे एक उभी पट्टी घाला, नाहीतर पोट येतं.

वेताच्या चकचकीत बाजूला पॉलिश धरत नाही, ती तशीच ठेवा. दमट हवेत वेत लवचिक राहतो, तडकतो तो एसीच्या खोलीत. पाहुण्यांच्या खोलीत एसी असेल तर त्याचा झोत सरळ कपाटावर येऊ देऊ नका. बुरशीचे ठिपके दिसले तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून पंख्याखाली वाळवा.

धातूकाम

जाळंविण यांनी ॲल्युमिनियम सांगितलं ते योग्यच, एक भर घालतो. पावडर कोटिंगला भोकाच्या कडेशी किंवा स्क्रूपाशी चरा गेला की तिथून कोटिंगखाली किडीसारख्या रेषा पसरतात. म्हणून भोकं आधी पाडायची, मग कोटिंग. कोटिंगआधी रासायनिक धुलाई झाली का ते विचारा आणि जाडी ८० मायक्रॉनच्या आसपास मागा. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू जाईल तिथे नायलॉनचा वॉशर, नाहीतर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

आता स्वयंपाकघर. स्टेनलेस स्टील ३०४ दर्जाचं की ३१६, हा पहिला प्रश्न. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना तेच अडवतं. तुमच्या अंतरावर सगळंच ३१६ करायची गरज मला वाटत नाही. आतली कपाटं ३०४ची, खिडकीसमोरचा ओटा, सिंक आणि मूठ-बिजागऱ्या ३१६च्या. लोहचुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, पत्र्याचं गिरणीचं प्रमाणपत्र मागा, किंवा मॉलिब्डेनम दाखवणारा चाचणीचा थेंब टाकून घ्या.

ओट्याला १.५ मिमी पत्रा, खाली १८ मिमी बीडब्ल्यूपी प्लाय, पुढची कड खाली दुमडून आत वळवलेली, म्हणजे पाणी प्लायकडे जात नाही. फिनिश बारीक घासलेलं, रेघा एकाच दिशेने. खरखरीत घासलेल्या पत्र्यावर मीठ बसून चहासारखे तपकिरी डाग पडतात, गुळगुळीतवर कमी. नवल वाटेल, पण पाऊस लागणारं स्टील वळचणीखालच्या स्टीलपेक्षा स्वच्छ राहतं, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. म्हणून घरातलं स्टील आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसलंच पाहिजे.

बिघडतं कशाने, तेही सांगतो. एक, लोखंडी ग्रिलचं काम चालतं त्याच शेडमध्ये स्टील घासलं तर लोखंडाच्या ठिणग्या पत्र्यात बसतात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके येतात. दोन, भांडी घासायची तारेची घासणी. तीन, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: सिंकखालच्या कपाटात ठेवलेली फरशी-संडासाच्या ॲसिडची बाटली. तिच्या वाफेने बंद कपाटातलं चांगलं स्टीलही खड्डे धरतं. बाटली मागील दारी ठेवा.

बाजूला सरकणारी दारं. युरोकुचीना २०२४मध्ये ती जागोजागी होती, कारण तिकडे स्वयंपाकघर दिवाणखान्यातच असतं आणि ते झाकायचं असतं. तुमचं मागे, वेगळं आहे, मग झाकायचं कोणापासून? उंच लाकडी दार पावसाळ्यात जरासं जरी वाकलं तरी पोकळीत अडकतं, रुळांत मिठाचा थर बसतो, आणि शिजवून लगेच दारं लावली तर वाफ आत कोंडते. मी तरी शेगडीवर ही दारं लावणार नाही. चहा-मिक्सरचा कोपरा झाकायचा असेल तर आडवं सरकणारं पट्ट्यांचं शटर करा: २० × १० मिमी फणसाच्या पट्ट्या पॉलिएस्टर कॅनव्हासवर चिकटवायच्या (सुती नको, बुरशी धरतं), ११ मिमी रुंद खाचेत, खाचेला मेण चोळायचं. वळणाच्या जागी खाचेची त्रिज्या १०० मिमीच्या खाली नेऊ नका, पट्ट्या अडकतात. रेघांच्या पॅनेलशी ते जुळूनही दिसेल.

माणगा_कुडाळ

दोरीच्या खुर्च्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमचाच का? सिंधुदुर्गात माणगा आहे, जवळजवळ भरीव बांबू, आणि कुडाळात ‘कॉनबॅक’सारखी बांबूवर काम करणारी संस्था आहे. तीन वर्षांवरचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्यायचा. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स, पेरं भोसकून आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवायचा, मग सावलीत उभा वाळवायचा. सांध्याला खिळा नको, बांबू उभा फाटतो. भोक पाडून स्टेनलेस बोल्ट किंवा लाकडी खुंटी.

दिव्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आपल्याकडे वीज जाते तेव्हा त्यांचं मोल कळतं, म्हणून घ्याच. २७०० केल्विन (पिवळसर उजेड), पडवीसाठी किमान आयपी ५४ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सोसणारा दर्जा), यूएसबी-सीच्या तोंडाला रबरी झाकण. उघड्या धातूच्या टोकांवर ठेवून चार्ज होणारे घेऊ नका, ती टोकं हिरवी पडतात. बॅटरी स्क्रू काढून बदलता येते का ते खरेदीआधी बघा. बरेचसे दिवे चिकटवून बंद केलेले असतात.

रंधा_पटाशी

बांबूची कृती बरोबर आहे, पण बोरॅक्स पाण्याने धुपतं. पडवीच्या आतल्या बाजूला ठीक, झडीचा पाऊस लागतो त्या पहिल्या तीन फुटांत नको. तिथे ॲल्युमिनियमच. ओटीवरचं बाकडं बांबूचं करा, सुंभाची पाठ त्यालाच शोभेल.

पडवी_वेंगुर्ला

ठरलं तर. पडवीत ॲल्युमिनियम, ओटीवर माणग्याचं बाकडं. सरकणारी दारं रद्द, पट्ट्यांचं शटर करू. आता कुठलं काम कधी द्यायचं?

रंधा_पटाशी

लाकूड आत्ताच घेऊन थप्पी लावा. दिवाळीनंतर ओलावा मोजा, १४च्या खाली आला की कापणी. डिसेंबर-जानेवारीत चौकटी, वेताची दारं आणि रेघांचं पॅनेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीयू. स्टीलच्या ओट्याचं माप खालची कपाटं जागेवर बसल्यावरच द्या, जांभ्याच्या भिंती काटकोनात नसतात, दोन टोकांत १५-२० मिमीचा फरक सहज निघतो. सोफ्याचं कापड सगळ्यांत शेवटी, पॉलिशचा वास गेल्यावर. आणि सुताराला चतुर्थीनंतरची तारीख आजच देऊन ठेवा, मे महिन्यात आगोटीची (पावसाळ्याआधीची) आणि त्यानंतर मखरांची कामं सुरू झाली की त्यांचा हात रिकामा नसतो.

खारावारा

एक राहिलं. कापड चढवायच्या आधी सोफ्याचा एक भाग उलटा करून प्रत्येक स्टेपलला लोहचुंबक लावून बघा. जोराने चिकटला तर तो साध्या लोखंडाचा आहे. स्टेनलेसला चिकटलाच तर अगदी हलका चिकटतो.